अण्णांसाठी बसवलेला टेप

लातूरला दादाने नवी गाडी घेतली तेव्हा जुनी माझ्याकडे नांदेडला पाठवली. वर्षभराने अण्णांना, आमच्या वडिलांनाही, पाठवलं. डोळ्याचं ऑपरेशन नांदेडला चांगलं होतं, पंधरा दिवस राहू दे, म्हणाला. डोळा बरा झाला, उन्हाळा सरला, पावसाळाही सरला, तरी न्यायला कोणी आलं नाही. अण्णा मात्र रोज सकाळी कपाळाला भस्म लावून, पिशवी भरून दारापाशी बसत. लातूरला जायचं आणि आपल्या खोलीत, आपल्या पलंगावर निजायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

अण्णांना ऐकू येत नाही. कानाचं मशीन घ्यायला ते तयार नव्हते. "कानात मशीन दिसलं की आडतीवर लोक भाव पाडून मागतेत," म्हणायचे. आडत सुटली, अकड सुटली नाही. त्यामुळे आमच्या घरात त्यांच्या तोंडावर काहीही बोलायची पद्धतच पडली. लातूरला ते वरणभात कालवत असायचे आणि दादाची बायको, वहिनी, वाढता वाढता हसून म्हणायची, "सुटत नाहीत बाई एकदाचे." अण्णा मान हलवून आणखी वरण मागायचे. आम्ही सगळे हसायचो. ज्यांच्या आवाजाने आमचं लहानपण चळचळा कापत गेलं, त्यांच्याबद्दल मला फार कळवळा नव्हता. आजही नाही.

शेवटी मीच त्यांना पोचवायचं ठरवलं. पण गाडीतला कंपनीचा टेप पार गेलेला. एक स्पीकर फाटका, दुसरा मुका. भजन ऐकू आलं नाही की अण्णा मला गाडी चालवायला शिकवत, आणि तीन तास ते सोसणं माझ्याच्याने होणार नव्हतं. म्हणून तो काढून स्क्रीनवाला बसवला, दारांत नवे स्पीकर, सीटखाली वूफर. फिटिंगवाल्याने माझा फोन त्याला जोडून दिला. "ताई, आता फोन आला तरी बी आवाज ह्याच्यातूनच येतोय बघा," म्हणाला. मी हो हो केलं. भजन लावलं तशा काचा थरथरल्या. अण्णांनी दारातल्या स्पीकरच्या जाळीवर तळहात ठेवला.

"शब्दन् शब्द ऐकू यायलाय," ते म्हणाले. "लई दिवसांनी."

दुसऱ्या दिवशी दादाला मेसेज टाकून निघालो. लोहा गेलं, अहमदपूर मागे पडलं. अण्णा मांडीवर पिशवी घेऊन ताल धरत होते. मध्येच भजन थांबलं आणि गाडीभर दादाचा आवाज आला.

"निघालीस की काय?"

"अहमदपूर सोडलं."

"अण्णा शेजारी हायेत का?"

"आहेत. बोल की."

इतक्या वर्षांची सवय.

"नको आणू त्यांना. त्यांच्या खोलीत क्लासची पोरं भाड्यानं ठेवलीत. पलंग भंगारात दिला, लोखंडी खाटा टाकल्यात. तुझ्याकडंच राहू दे, न्हाईतर टाक कुठं आश्रमात. त्यांना काय कळतंय, कुठं बी बसतेत."

माझं डोकं फिरलं. "घर तुला, आडत तुला, आणि हे मला? मी सांभाळणार नाही. आश्रमातच टाकायचं तर तू येऊन टाक."

त्याने फोन ठेवला. भजन जिथं थांबलं होतं तिथून पुन्हा सुरू झालं.

"बंद कर ते," अण्णा म्हणाले.

मी बंद केलं, गाडी बाजूला घेतली. त्यांचा तळहात अजून जाळीवर होता. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला.

"पलंग सागवानी होता," ते म्हणाले. "तुझ्या आईच्या माहेरचा."

बाजूने उसाच्या ट्रॉल्या जात होत्या. मला दादाचा राग आला, अण्णांचा आला, सगळ्यात जास्त त्या टेपचा आला.

"त्याचं समदं ऐकू आलं," अण्णा म्हणाले. "तुझं न्हाई आलं. तू काय म्हणालीस?"

आणि त्यांनी हात कानामागे धरून कान माझ्याकडे केला. जन्मात कधी कोणापुढे केला नव्हता. त्यांना काही सांगायचं तर ओरडूनच सांगावं लागतं.

मी भजन पुन्हा लावलं आणि आवाज होता नव्हता तेवढा वाढवला.