खाडीकडचा कोपरा

माझे काका दानशूर होते, हे सर्वांत जास्त वेळा त्यांनीच सांगितलं. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. रोह्याबाहेर खाडीलगत आमची थोडी भातशेती होती. मोठ्या उपासाच्या दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, गोरगरिबांना द्यायची आमच्यात रीत. काका त्या दिवशी मुंबईचे पाहुणे ओटीवर जमेपर्यंत दाराशी आलेल्यांना ताटकळत ठेवायचे. मला त्यांची किळस यायची.

आमचा धर्मग्रंथ, तोरा, सांगतो, शेत कापताना कोपरा सोडावा, तो गरिबाचा. म्हणजे तो आपण द्यायचाही नसतो. तो आपला नसतोच. काका दरवर्षी कोपरा सोडत आणि पेणपर्यंत सांगत सुटत. फक्त तो नेहमी खाडीकडचा असे. तिथे बांधातून खारं पाणी झिरपायचं आणि लोंब्या पोचट राहायच्या. एवढ्यावर हा माणूस अर्ध्या हळकुंडाने पिवळा.

एका वर्षी मिठागरावर राबणारी एक विधवा आली. मिठाचं काम सुरू व्हायला अवकाश होता, घरात दोन पोरं आणि तांदळाचा डबा रिकामा. तिने लोंबी तळहातावर चोळली, फुंकर मारली. हातात काही उरलं नाही.

"काका, ह्यो तुमच्या देवाचा कोपरा व्हय?" ती म्हणाली. "मंग तुमचा देव उपाशीच हाय म्हना की."

काका हसले. "फुकटचं मिलतंय, त्यात पन खोट काढतेस गो?"

ती रिकाम्या पदराने गेली, आणि मी काकांच्या मागोमाग घरी जेवायला गेले.

पुढच्या वर्षी आमचे मजूर धाटावला कंपनीत शिफ्टला लागले, म्हणून कापणी घरच्यांवर आली. मी विळा खाडीकडून लावला आणि रस्त्याकडचा भरलेला कोपरा तसाच ठेवला. काका ओरडले, "कोनाच्या बापाचं वाटतेस?"

"आपल्या बापाचं नाय," मी म्हटलं.

मिठागरावरची ती विधवा पुन्हा आली. भराभर कापून भारा डोक्यावर घेतला आणि निघाली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बरोबरच होतं, स्वतःचं नेताना कोण कोणाचे आभार मानतं? तरी मी बांधावर उभीच. ती बरीच पुढे गेली तेव्हा न राहवून हाक मारली, "दाना भरलाय ना गो?"

"व्हय," ती म्हणाली, आणि वळली नाही.

काका वाहवा निदान पाहुण्यांकडून घ्यायचे. मी ती तिच्याकडेच मागत होते.