दारावरचा फुगा

सपना तळेगावची. लग्न होऊन पुलगावात आली, ती रेल्वेच्या रुळांना लागून असलेल्या घरात. पुढे तिचं बांगड्यांचं दुकान, मागे अंगण, अंगणात संडास आणि पलीकडे रूळ. तिची मुलगी आचल नऊ वर्षांची, स्वमग्न. बोलत नाही. गाडीचा भोंगा ऐकला की हसत रुळांकडे धावते. दोनदा लोकांनी उचलून आणली. घाबरते ती फक्त फुग्याला. कुणाच्या तरी वाढदिवसाला एक फुगा कानाशी फुटला, तेव्हापासून नुसता दिसला तरी थरथरते.

मागच्या दाराची कडी उंच बसवली, तर आचल स्टूल आणते. कुलूप लावायचं घरचीच माणसं विसरतात. शेवटी सपनानं त्या दाराला लाल फुगा बांधला. सुकला की नवा. गल्लीला आयती गंमत मिळाली.

"आज कोनाचा बड्डे होय वो, सपना?"

हसणाऱ्यांच्या बापाचं काय जातं? पोरगी रुळांकडे जायची थांबली, हे कुणी बघितलं नाही.

मग आचल कपड्यांत लघवी करू लागली. दुकानात, गादीवर, कुठेही. सपनानं आधी समजावलं, मग ओरडली, मग मारू लागली. "एवढी घोडी झाली, लाज नाई वाटत तुले?" सपना थकली होती हे खरं, पण मार तो मारच. पोरगी तापानं फणफणली तेव्हा सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात नेली. लघवी धरून धरून आत जंतुसंसर्ग झाला होता.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "ही कशाला घाबरते?"

"फुग्याले."

"आणि संडासाच्या वाटेवर काय आहे?"

सपनानं तोंडाला पदर लावला. "मीच बांधला जी. तिले वाचवाले बांधला."

फुग्याची भीती हळूहळू घालवू, रुळांचा धोकाही हळूहळू शिकवू, असं बाई म्हणाल्या. वेळ लागणार होता.

"अन् तोपर्यंत मी काय करू?"

"तोपर्यंत दारात माणूस हवं."

फुगा त्याच संध्याकाळी उतरला. घरची बाकीची माणसं दिवसभर कामावर, म्हणून दुकान बंद ठेवून सपनाच आता मागच्या उंबऱ्यावर बसते. हात उगारत नाही, आवाज चढवत नाही. आचल दारापर्यंत येते. आई दिसली की दोन्ही कान झाकून उभ्या जागी थरथरते, फुगा पाहून थरथरायची तशीच, आणि पायाखाली ओलं होतं. सपनाला उठून बाजूला होता येत नाही. मागे रूळ आहेत.