संत्र्याच्या दोन फोडी

राग हा साधनेतला अडथळा आहे, हे मला मान्य आहे. तरीही चोंगचिंगची आठवण लिहायची तर सुरुवात रागापासूनच करावी लागते, कारण तो अजून पुरता गेलेला नाही. आम्ही दुबईत अल बर्शाला राहतो. डोंगरावर चढत गेलेलं, दोन नद्यांच्या संगमावरचं चोंगचिंग हे चिनी शहर पाहायला मी, पत्नी आणि माझी शहात्तर वर्षांची आई इथल्याच एका टूरबरोबर गेलो. आई मधुमेही, शाकाहारी, अनोळखी हातचं पाणीही न घेणारी. म्हणून बुकिंगआधी मी पुन्हा पुन्हा विचारलं होतं आणि दर वेळी ‘शुद्ध शाकाहारी’ असंच उत्तर मिळालं होतं.

तिथे एका दुपारी आम्हाला उंच इमारतीतल्या उपाहारगृहात नेलं. टेबलावरच्या भांड्यात लालभडक रस्सा उकळत होता. भाज्या त्यात शिजवून खायच्या. जेवण समोर आलंय असं पाहून आईने नेहमीसारखं इन्सुलिन टोचून घेतलं. मग मी वाढणाऱ्या बाईसमोर भाषांतराचा फोन धरला, तेव्हा कळलं की रस्सा गाईच्या चरबीतला आहे.

“अंकल, टेन्शन मत लो,” टूर मॅनेजर म्हणाला. “सिर्फ सब्जी निकाल के खाओ, खलास.”

माझा तोल गेला. आईला तो वास सोसवेना. “तू लिफ्टने तळमजल्यावर जा, दाराशी थांब, मी आलोच,” असं तिला सांगून मी भांडत राहिलो. तेवढ्यात पत्नी हात धुऊन आली.

“अहो, आईंना एकटं सोडलंत? त्यांनी इंजेक्शन घेतलंय, पोटात काही नाही.”

मी, पत्नी आणि मॅनेजर खाली धावलो. दाराशी आई नव्हती. तिच्या फोनमध्ये तिथलं सिमकार्डही नव्हतं. तेव्हा कुठे मॅनेजरने सांगितलं, की इमारत डोंगराला चिकटलेली असल्याने अकराव्या मजल्यावरही एक दार रस्त्यावर उघडतं; तोच तळमजला समजून आई तिथे उतरली असणार. दुबईत तळमजला एकच असतो. दुसरा असेल हे मला सुचणार कसं? लिफ्टमध्ये मी देवाला विनवलं नाही, चक्क जाब विचारला. हिने जन्मभर तुझं नाव घेतलं, आणि तू तिला उपाशी पोटी परक्या रस्त्यावर पाडणार?

अकराव्या मजल्याच्या दाराबाहेर, कठड्याजवळच्या बाकावर आई बसली होती. कपाळावर घाम होता, हात थरथरत होते, पण ती शुद्धीत होती. शेजारी तिच्याच वयाची एक चिनी बाई तिचा हात धरून बसली होती. त्या बाईच्या मनगटावर जपमाळ होती, पिशवीत उदबत्त्यांचा पुडा, आणि आईच्या मांडीवर संत्र्याची सालं.

“तू खाल्लंस?” मला खरं वाटेना.

“अरे, देवळातून आलेलं होतं. सालीला उदबत्तीची राख होती. तिने आधी कपाळाला लावलं, मग दोन्ही हातांनी दिलं. प्रसादाला नाही म्हणायचं असतं का?”

त्या बाईने हसून मान हलवली आणि ती पायऱ्यांवरून नदीकडे उतरून गेली. मी मात्र मॅनेजरकडे वळलो. बोट त्याच्या छातीवर रोखून काय काय बोलत होतो, आता आठवत नाही.

“ते मग,” आई म्हणाली. “हात पुढे कर.”

तिने माझ्यासाठी आणि सुनेसाठी दोन फोडी राखल्या होत्या. माझा उजवा हात तर मॅनेजरवर रोखलेला. तोच वळवून पुढे करावा लागला.

परत आल्यावर मी लेखी तक्रार दिलीच. ती द्यायलाच हवी होती. त्या बाईचं नाव मला ठाऊक नाही, ते देव जाणे. शरणागतीवर मी पुष्कळ प्रवचनं ऐकली आहेत. मला कळलंय ते एवढंच, की रोखलेल्या बोटावर प्रसाद ठेवता येत नाही. तळवा उघडावाच लागतो.