मागे बसणारे काका

धायरीतले आमचे घरमालक काका नसते, तर माझ्या दादाचं तोंड आईला शेवटचं दिसलं नसतं. हे आधी लिहून ठेवतो. मी आठवीत शाळा सोडलेला माणूस, पुढे सांगताना राहून गेलं तर जिवाला घोर लागेल.

काका वायुदलाच्या मालवाहू विमानावर लोडमास्टर होते, म्हणजे विमानात काय, किती आणि कुठे ठेवायचं ते ठरवणारे. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी जगातली प्रत्येक वस्तू आपल्याच विमानात चढणार आहे अशा नजरेने ते बघतात. आम्ही दोघं भाऊ गडचिरोलीहून येऊन खोली विचारायला गेलो, तर आधी वजन विचारलं, मग नाव. बसमध्ये सगळे मागेच दाटलेले दिसले की दोघातिघांना पुढे पाठवणार. एक बाई म्हणाल्या, "अहो, ही बस आहे." काका म्हणाले, "म्हणून विनंती करतोय. विमानात हुकूम दिला असता." त्या विमानाचं सांगायला लागले की थांबायचे नाहीत. सकाळी पोटात जीप, दुपारी छत्रीने उड्या मारणारे जवान, पूर आला की पिठाची पोती, आणि स्ट्रेचर टांगली की तोच दवाखाना. "कधी पेट्याही," असं म्हणून मात्र चहा ढवळत बसायचे. कसल्या पेट्या, हे दादानेच एकदा विचारलं. "आमच्याच पोरांच्या. त्या असल्या की मी पुढे जाऊन बसत नसे."

यंदा दादा बांधकामावरून पडून गेला. कागद सगळे झाले, पण एवढ्या लांब यायला एकही गाडीवाला तयार होईना. मला काही सुचत नव्हतं. काकांनी ओळखीतला भाजीचा टेम्पो आणला, क्रेट उतरवून स्वतः धुतला, पेटीभोवती बर्फ सारखा लावला, चार पट्टे बांधले आणि प्रत्येक पट्टा दोनदा ओढून पाहिला. टेम्पोवाला म्हणाला, "काका, म्होरं बसा. मागं हाडं खिळखिळी हुतील."

"आपण गाडी चालवा," काका म्हणाले, आणि सत्तरी ओलांडलेला हा माणूस आमच्या गावापर्यंत पेटीवर हात ठेवून मागे बसून आला. चहासुद्धा तिथेच मागवला.

आईने दादाच्या तोंडावरून हात फिरवला. मग काकांचे सुजलेले पाय पाहून विचारलं, "हे कोण?"

"घरमालक," काका म्हणाले. "नीट आणलाय हो. कुठे धक्का लागू दिला नाही."

काकांना मूलबाळ नाही. त्यांची ती वेळ लवकर न येवो. पण येईल तेव्हा पट्टे मी दोनदा ओढून पाहीन, आणि कुणी कितीही म्हटलं तरी पुढे बसणार नाही.