चाकावर ठेवलेला हात

कपडे दुरुस्त करणाऱ्या त्या बाईला सगळी गल्ली होबाई म्हणायची, आणि त्यात थट्टेपेक्षा लोकांची सोयच जास्त होती. कोट उद्या सकाळी हवा? हो. आठवडाभर आमचं मांजर सांभाळाल? हो. नाही हा शब्द तिच्या ओठांपर्यंत यायचा आणि तिथूनच मुकाट माघारी फिरायचा.

हे अंगाशी आलं ते एका पॅन्टमुळे. गिऱ्हाईक म्हणालं, कंबर दोन इंच सैल करून द्या. शिवणीच्या आत माया म्हणून राखलेलं कापड अर्धा इंचसुद्धा नव्हतं, हे पॅन्ट उलटी करताक्षणी तिला दिसलं होतं. तरी ती हो म्हणाली. ओढूनताणून शिवलेली ती पॅन्ट भर ऑफिसात, साहेबांसमोर उसवली. दुसऱ्या दिवशी त्या माणसाने तिला नाही नाही ते सुनावलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि तो गेल्यावर बाबांसमोर बसून रडली.

बाबा म्हणजे तिचे वडील. टपाल कचेरीतून निवृत्त झालेले, आणि आई गेल्यापासून तिच्याकडेच असलेले. घरात दोघंच. पुढच्या खोलीत तिचं मशीन, मशीनला लागून बाबांची खुर्ची. जुन्या शिवणी ब्लेडने उसवायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं.

"हा माझाच गुण उतरलाय तुझ्यात," ते म्हणाले. "मीपण जन्मभर मान डोलवत आलो. माझं आता काय व्हायचं राहिलंय? तू मात्र रोज एकदा नाही म्हणायचं. छोटंसं. टीप घालून घालून हात बसतो ना, तशी जीभही बसेल."

गिऱ्हाईक व्हायचं त्यांनीच पत्करलं. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी शिकवणी.

"बाई, हा शर्ट दुपारपर्यंत द्या की."

"नाही हो, दुपारपर्यंत जरा... बघते."

"हे बघते कुठून आलं? परत म्हण."

तिला हसू आवरायचं नाही. बाबा तर इतके रंगात यायचे की एकदा तिच्या नाहीवर खरोखरच रुसून आत जाऊन बसले. दुपारपर्यंत तिनेच त्यांची समजूत काढली.

नवं काही जमायला लागलं की माणसाला भारी चेव येतो. महिन्याभरात होबाई ऊठसूट नाही म्हणू लागली. एक दिवस समोरच्या मास्तरीणबाई ब्लाउजचं तुटलेलं बटण घेऊन आल्या. ही मान वर न करताच नाही म्हणाली. त्या तशाच पिन लावून शाळेत गेल्या. होबाईला दिवसभर घास गोड लागला नाही. संध्याकाळी सुईदोरा घेऊन ती स्वतः त्यांच्या दारात गेली.

"मला हे जमायचंच नाही," ती बाबांना म्हणाली.

"घाई करतेस. आधी मशीन थांबव, मग बोल."

तेव्हापासून कोणी काही मागितलं की ती मशीनच्या चाकावर तळहात ठेवायची. चाक थांबायचं, सुई थांबायची, आणि तेवढ्या वेळात तिला कळायचं की हे आपल्याला जमेल का, आणि करावंसं वाटतंय का. मग हो किंवा नाही, जे असेल ते. वर्ष असं गेलं. चुका झाल्या, हळूहळू कमी होत गेल्या. गल्लीने नाव काही बदललं नाही, पण होबाईच्या होला आता वजन आलं होतं.

आणि एका रविवारी दादा आला. तिचा थोरला भाऊ, दुसऱ्या शहरात राहणारा. लहानपणापासून दादाने ठरवायचं आणि हिने मान हलवायची, असाच रिवाज होता. चहाचा पहिला घोट घेत तो म्हणाला, "यापुढे बाबा सहा महिने माझ्याकडे, सहा महिने तुझ्याकडे. मुलगा असून बापाला बहिणीकडे ठेवलंय, म्हणतात लोक. पुढच्या रविवारी गाडी घेऊन येतो. चालेल ना?"

मागे एकदा बाबा महिनाभर दादाकडे राहिले होते. नवव्या मजल्यावरच्या खिडकीशी बसून दिवस काढले आणि परतल्यावर आठवडाभर धड बोललेही नाहीत. आत्ता ते खाली मान घालून शिवण उसवत होते. बोटं मात्र एकाच टाक्यावर अडली होती.

होबाईने चाकावर हात ठेवला.

"नाही, दादा," ती म्हणाली. "बाबांना असं वाटून नको घ्यायला. त्यांना इथे बरं वाटतं. तूच येत जा. दोन दिवस राहा, मला आवडेल."

दादाचा चेहरा उतरला. "तू कधीपासून बोलायला लागलीस?" मग तो बाबांकडे वळला. "बाबा, तुम्हीच सांगा. येताय ना?"

आजवर बाबांनी कुणाचं मन मोडलेलं होबाईने पाहिलं नव्हतं. त्यांनी आता मान डोलावली, की झालं, खुर्ची रिकामी.

बाबांनी ब्लेड बाजूला ठेवलं. हात लांब केला आणि चाकावर, तिच्या हाताशेजारी, आपला तळहात टेकवला. मशीन तर केव्हाच थांबलेलं होतं.

"नाही," ते म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की त्यांनी घसा खाकरला आणि पुन्हा म्हणाले, "नाही रे बाळा. मी इथेच बरा आहे."

वर्षभर शिकवणीत ते गिऱ्हाईक होऊन नुसतं मागत आले होते. नाही म्हणायची पाळी त्यांच्यावर आलीच नव्हती. होबाईने चाकावरचा हात काढला नाही.

दादाने त्या दोन हातांकडे पाहिलं. मग त्याने उरलेला गार चहा संपवला.

"बरं," तो म्हणाला. "मग पुढच्या रविवारी मी नुसताच येतो."