एका कोंबड्यापायी

माझं आयुष्यातलं सगळ्यात मोठं नुकसान एका कोंबड्याने केलं, तेही मेल्यावर.

पोलादपूरहून आंबेनळी घाटाकडे चढताना आमची वाडी लागते. दरवर्षी ग्रामदेवाला कोंबड्याची राखण, म्हणजे बळी, द्यायची, आणि त्याआधी गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराचा. बाबा एकेका घराचं नाव घेऊन देवाकडे मागायचे आणि प्रत्येक वाक्याला सगळी वाडी म्हणायची, "व्हय म्हाराजा." हे मुंबईकरांना दिसावं म्हणून मी स्वतःचा व्हिडिओ ब्लॉग काढला. वेबसाइट माझी, नाव माझं.

"किती वेळा बघितला रे लोकांनी?" बाबांनी विचारलं.

"चार."

"त्यात तू किती वेळा?"

"तीन." (चौथ्यांदा बाबांनीच बघितला होता, चष्मा न लावता.)

मग मी शहाणपणा केला. सगळे व्हिडिओ सोशल मीडियावर नेऊन टाकले. ब्लॉगवरचे पुसले आणि मोबाईलमधलेही पुसले, कारण जागा नव्हती. फक्त अगदी पहिला, तालमीचा व्हिडिओ ब्लॉगवर राहू दिला. त्यात बाबांनी माझी अब्रू काढली होती. ती चारचौघांत कशाला न्यायची?

तिकडे मात्र धमाल झाली. घाटकोपर ते विरारपर्यंतचे भाऊबंद बाबांना हात जोडू लागले. बाबा खांद्यावर नवा टॉवेल टाकून राखणेला जाऊ लागले. मीही फुगलो, आणि एका वर्षी कॅमेरा थेट कोंबडा कापेपर्यंत चालू ठेवला.

दुसऱ्या दिवशी खातं बंद. कारण, हिंसक दृश्य. सहा वर्षांची गाऱ्हाणी गेली. मी अर्जावर अर्ज केले, प्रत्येकाला उत्तर एकच आलं, निर्णय अंतिम आहे.

"कोंबड्याच्या घरच्यांनी तक्रार केली काय?" बाबा म्हणाले. मग माझं तोंड बघून हळूच म्हणाले, "जाऊ दे रे. फुडल्या राखणेला परत घालतो. मी कुठं जातोय?"

ते गेले. अंगणात बसल्या बसल्या, पुढच्या राखणेआधीच. घरात त्यांचे फोटो होते, टॉवेल होता, पण आवाज कुठेच नव्हता. तो मीच घालवला होता, आणि हे आईला सांगायची माझी हिंमत होत नव्हती.

ते वर्ष सुतकाचं म्हणून मी मागे उभा राहिलो. यंदा मात्र गाऱ्हाणं घालायला मलाच पुढे व्हावं लागलं. दुसऱ्याच वाक्याला अडलो. सगळी वाडी "व्हय म्हाराजा" म्हणायला ताटकळलेली.

आई मागून म्हणाली, "तुज्या त्या पयल्या डबड्यात काय उरला नाय काय रे?"

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. मला ब्लॉग आठवला. देवळामागच्या कातळावर रेंज येते. तिथे जाऊन व्हिडिओ उतरवून आणला आणि मोबाईल देवासमोर धरला. चित्रात निम्मं माझं बोट होतं. आवाज मात्र खणखणीत आला.

"देवा म्हाराजा, हा माजा पोरगा. काय करतो ते त्याला पन ठाव नाय. त्याला जरा अक्कल दे, नि संबाळून घे."

सगळी वाडी मान खाली घालून म्हणाली, "व्हय म्हाराजा."

सगळ्यांत मोठ्यांदा मी म्हणालो.