मंगळाची मुलगी

हसायचं नाही, हे आधीच कबूल करून घेतो. हसलात तर समोरची कॉफी उचलून आत नेईन. होय, कॉफीच! गप्पा मारायला चहा मागणाऱ्या माणसाची तंजावुरात तब्येत विचारतात.

तर आता काय सांगू तुम्हाला… आपली आवडती गोष्ट मित्राला दाखवावी, एवढाच माझा गुन्हा. हल्ली तुम्ही मित्राला जुनी मालिका दाखवायची तर टीव्हीचं बटण दाबता. आमच्या तरुणपणी तंजावुरात टीव्ही कोणी स्वप्नातही पाहिला नव्हता. आमच्या मालिका तमिळ साप्ताहिकांतून यायच्या, दर आठवड्याला चार पानं. ती पानं कापून जपायची आणि गोष्ट संपली की बाइंडरकडून बांधून घ्यायची. घरोघरी अशी जाडजूड पुस्तकं असत. लोकांकडे राजा-राण्यांची, माझ्याकडे मंगळाची.

शाळेत असताना मी ती गोष्ट वेड्यासारखी वाचली होती. एक शास्त्रज्ञ रॉकेटमधून मंगळावर जातो, तिथल्या मुलीवर त्याचा जीव जडतो, आणि तिला पृथ्वीवर आणली तर आणणारा जगत नाही अशी भानगड असते. पुढे मी कॉलेजात भौतिकशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर झालो तो या पुस्तकामुळे. म्हणजे बघा, माझं नुकसान किती जुनं आहे.

आमच्या घरी तेव्हा खांबेटे राहायला होता. पुण्याचा. जुने मोडी कागद वाचायला वर्षभरासाठी आलेला. आमचे पूर्वज मराठा राजांबरोबर इकडे आले आणि मराठी तेव्हा होतं तसंच जपून बसले, याचं त्याला कौतुक वाटायला हवं होतं. पण तो पडला पुणेकर! मी तोंड उघडलं की हा चूक काढायचा.

"मी आईला सांगिटलं…"

"सांगितलं, कृष्णराव. ट नाही, त."

"बरं, त. जेवालास की?"

"जेवलास का. आणि मला 'अहो' म्हणा, आपली ओळख नवी आहे."

आमच्याच घरचं सार ओरपत बोलायचा हो हे!

एक दिवस तो म्हणाला, "तुमच्या या मराठीत एखादी धड गोष्ट तरी सांगता येते का?" मग मात्र माझं डोकं फिरलं. मी आतून ते बांधलेलं पुस्तक आणलं आणि म्हणालो, "बसा. रोज संध्याकाळी एक प्रकरण. असा शेवट तुमच्या पुण्यात कोणी वाचला नसेल."

आता एक गोष्ट तुम्हालाच सांगतो. तो शेवट मीही वाचला नव्हता. त्या आठवड्यात माझी परीक्षा होती, अंक हुकला, आणि शेवटच्या प्रकरणाशिवायच पुस्तक बांधलं गेलं. वेळ आली की शेवट रचू, असं मी ठरवलं होतं. आत्मविश्वास मला कधी कमी पडला नाही, बाकी सगळं पडलं.

आमच्या घरापुढे तिण्णै होती, म्हणजे रस्त्याकडेचा ओटा. तिथे बसून मी तमिळ वाचायचो आणि तिथल्या तिथे मराठीत सांगायचो. तमिळमध्ये मंगळ ग्रहाला सेव्वाय् म्हणतात, मुलगी म्हणजे पेण्. पुस्तकात 'सेव्वाय् पेण्' आलं की मी म्हणायचो, 'मंगळाची मुलगी'.

पहिल्या दिवशी खांबेटे म्हणाला, "मंगळावरची." दुसऱ्या दिवशी म्हणाला, "वरची हो, वरची!" तिसऱ्या दिवशी रॉकेट उतरलं, मुलगी दिसली, आणि हा चूक काढायचंच विसरला. पाचव्या दिवशी स्वतःच म्हणायला लागला, "आज मंगळाची मुलगी काय करते?" मी मनात म्हणालो, जिंकलो!

वर्षभरात या माणसाने माझी एकच चूक सुधारायची सोडली. ती हीच.

कारण आमच्या तिण्णैला लागून पंचूमामांची तिण्णै. मध्ये नुसता एक खांब. मामा निवृत्त पोस्टमास्तर, नात्याने मामा नव्हेत, पण सगळी वीथी, म्हणजे आमची गल्ली, त्यांना मामाच म्हणे. त्यांची मुलगी अंबुजा मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. हुशार, देखणी, आणि जातकात, म्हणजे कुंडलीत, मंगळ. चार ठिकाणची माणसं येऊन बघून गेली, सोज्जी-बज्जी, म्हणजे शिरा-भजी, खाऊन गेली आणि मंगळ ऐकून परत आली नाहीत. मामा म्हातारे झाले ते त्या दोन वर्षांत.

अशा त्या मामांना खांबापलीकडून एका संध्याकाळी काय ऐकू यावं?

मी वाचत होतो, "सगळे त्याला म्हणतात, मंगळाची मुलगी घरी आणलीस तर तू मरशील."

आणि खांबेटे मांडीवर थाप मारून ओरडला, "मरू दे! मी असतो तर मंगळाच्या मुलीशी उद्याच्या उद्या लग्न केलं असतं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी मला विहिरीपाशी गाठलं.

"किट्टू, तुझा तो पुण्याचा मित्र मंगळाबद्दल बोलला, ते मनापासून की?"

मला वाटलं, मामाही ऐकत असतात! ऊर भरून आला हो माझा. म्हणालो, "मनापासून म्हणजे! वेडा झालाय. जेवतानासुद्धा तिच्याबद्दलच विचारतो."

"तिच्याबद्दल? जेवताना?" मामांचे डोळे भरले. "आणि त्यास भीती नाही?"

"कसली भीती मामा? शिकलेला माणूस. शिवाय शेवट गोड आहे, मी त्याला शब्द दिलाय."

"तू शब्द दिलास! अय्यो, किट्टू!" त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "मग आम्ही केव्हा बोलायचं?"

"मंगळवारी संध्याकाळी या की. त्या दिवशी सगळं संपवून टाकू."

"मंगळवारी? शुभकार्य कोणी मंगळवारी करतं काय रे?"

"मामा, मंगळाचं काम मंगळवारीच व्हायला पाहिजे!" आणि स्वतःच्या विनोदावर मीच हसलो. "मामींना आणा, अंबूलाही आणा. तिला आवडेल."

"मुलीस आम्ही घेऊन यायचं? ती पुण्याची रीत असेल. सरी, सरी, चालेल." मग जाता जाता वळून म्हणाले, "आणि पत्रिका?"

आता हे ध्यानात घ्या. आमच्याकडे पत्रिका म्हणजे साप्ताहिक, आणि पत्रिका म्हणजे लग्नाचं छापील आमंत्रणही. मामांच्या डोक्यात काय होतं ते तुम्हाला कळलं. मला कळलं असतं तर हा किस्सा कशाला झाला असता?

मी म्हणालो, "पत्रिका तर कधीच छापून झाली, मामा! माझ्याकडे आहे, जाडजूड बांधलेली."

मामांनी तिथल्या तिथे हात जोडले. ते तसेच देवळाकडे गेले.

मंगळवार आला. खांबेटे बनियन घालून, भिंतीला टेकून शेवटच्या प्रकरणाची वाट बघत होता. मी शेवट रचून ठेवला होता: दोघं चंद्रावर घर करतात. आणि शेजारून मिरवणूक आली! पुढे मामा, नवं वेष्टी-धोतर नेसून. मागे मामी, हातात नारळ, केळी, विड्याची पानं. मागे झाकलेली दोन भांडी, त्यातून सोज्जी-बज्जीचा वास. आणि शेवटी अंबू, हिरव्या रेशमी साडीत, कपाळाला आठ्या घालून. समोरच्या सगळ्या तिण्ण्यांवर माणसं येऊन बसलेली.

मला काय वाटलं असेल? मला वाटलं, वाः! विज्ञानकथेचा काय हा मान!

मी सगळ्यांना बसवलं आणि पुस्तक उघडलं. तेवढ्यात मामांनी पानसुपारीचं ताट खांबेटेपुढे ठेवलं. "तुमच्यासारखा मोठ्या मनाचा माणूस आम्ही बघितला नाही. तांबूल घ्या, म्हणजे बोलणं पक्कं झालं."

"कसलं बोलणं?" खांबेटे म्हणाला.

"लग्नाचं की! मंगळाच्या मुलीशी उद्याच करतो म्हणालात, आम्ही ऐकलं."

खांबेटे एकदम उभा राहिला. "अहो, मी म्हणालो ते मंगळ ग्रहाबद्दल!"

"ग्रहच तर! हिला ग्रहच आहे. दुसरं काय असतं?"

"तसं नव्हे हो! मंगळावरची! वरची!"

बघा, नेमकं तेव्हा त्याला 'वरची' आठवलं!

मग मी पुस्तक दाखवलं, रॉकेटचं चित्र दाखवलं, आणि जे घडलं ते सांगितलं. सांगताना माझा आवाज बारीक होत गेला. मामा ताटातली पानं नीट लावत बसले. मामींनी पदर तोंडाला लावला. अंबू पाचव्यांदा सजून बसली होती, सगळ्या वीथीदेखत, आणि तेही माझ्या जिभेमुळे. खरं सांगतो, त्या क्षणी तिण्णैने मला गिळलं असतं तर बरं झालं असतं.

तेवढ्यात दारातून आई म्हणाली, "पंचू, उठू नकोस. किट्टूसही मंगळ आहे."

"कोणास?" मी विचारलं.

"तुला रे! सातव्या घरात. मुलगी कोण देईल म्हणून जातक पेटीच्या तळाशी घालून ठेवलंय. मंगळास मंगळ चालतो."

घ्या! मंगळावर जायची स्वप्नं बघत मी इतकी वर्षं घालवली आणि तो आमच्या पेटीत, कोऱ्या धोतरांखाली बसला होता.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग अंबूचा आवाज आला. "मलाही कोणी विचारणार की नाही?"

तिने माझ्या हातून पुस्तक घेतलं, शेवटचं पान काढलं आणि विचारलं, "ह्याचा शेवट काय?"

"दोघं चंद्रावर घर…" मी सुरुवात केली.

"खोटं. तो अंक माझ्याकडे आहे. ह्याने शेवट वाचलेलाच नाही."

खांबेटेने माझ्याकडे जसं बघितलं, तसं एका 'ट'साठीही कधी बघितलं नव्हतं. आणि अंबूला हसू आलं. आधी ओठांत दाबलं, मग दाबवेना, मग ती इतकी हसली की मामीही पदराआड हसायला लागल्या. डोळे पुसत ती वडिलांना म्हणाली, "सरी, अप्पा. मरायचंच तर दोघं मरू. पण तो अंक लग्नानंतर देईन."

लग्न झालं. खांबेटे पंगतीत तीनदा साखरभात घेऊन गेला. मराठी पत्रिका त्यानेच लिहिली होती, तरी छापून आल्यावर तिच्यातही चुका काढल्या.

आणि अंबूने तो अंक दिला. मी दार लावून घेतलं, शेवटचं प्रकरण अधाशासारखं वाचलं. मंगळाची मुलगी रॉकेटच्या पायरीपर्यंत येते, शास्त्रज्ञाकडे एकदा नीट बघते, आणि म्हणते, 'हा माणूस फार बोलतो. मी येत नाही.' रॉकेट रिकामं परत जातं. संपलं!

मी अंबूला म्हणालो, "असला कसला शेवट? त्याला बिचाऱ्याला ती 'नको' म्हणते!"

अंबू म्हणाली, "म्हणते ना! मी तर हे वाचून होते, तरी चुकले."